गावची जमीन : ठेवायची की विकायची?

नमस्कार श्रोतेहो.

नोकरी संपते, पीएफचे पैसे हातात येतात आणि परळ-लालबागपासून थेट विरार-डोंबिवलीपर्यंत घराघरांत गावच्या जमिनीचा विषय निघतो. मुलगा म्हणतो, "बाबा, तिकडे राहायला कोण जाणार आहे? विकून टाका ना." आणि बाबा गप्प बसतात.

मला कळकळीनं सांगायचंय ते एवढंच, की ठेवायची का विकायची हे पुढचं. आधी सातबारा काढून बघा. कितीतरी घरांत त्यावर अजून आजोबांचंच नाव असतं. वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं असं कायदा सांगतो. आपण मात्र 'बघू पुढच्या वेळी' म्हणत वर्षं घालवतो. तोवर हिस्सेदार वाढतात, कोण पुण्यात, कोण सुरतेला, सगळ्यांच्या सह्या गोळा होत नाहीत. मग ती जमीन नीट कसताही येत नाही आणि विकताही येत नाही.

बहिणींचं नाव वगळून व्यवहार करू नका. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हक्कसोडपत्र ही काही भाऊबीजेची ओवाळणी नव्हे. ते तिच्या मर्जीनं झालं तरच करावं, नाहीतर तिचा हिस्सा तिला द्यावा.

आता विकण्याचं. कूळकायद्याच्या ६३व्या कलमामुळे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे तुमच्या नावावरचं शेवटचं शेत गेलं, तर उद्या मुलाला गावी परतावंसं वाटलं तरी शेतजमीन घेणं अवघड होऊन बसेल. करही आधी विचारून घ्या. गाव शहराच्या हद्दीपासून लांब असेल तर शेतजमिनीच्या नफ्यावर भांडवली कर लागत नाही. हद्दीपासून २, ६ की ८ किलोमीटर, ते त्या शहराच्या लोकसंख्येवर ठरतं. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन, असं असेल, तर आधी सरकारी परवानगी लागते.

ठेवायची असेल तर नुसती नावावर ठेवून भागत नाही. कोकणात दोन पावसाळे लक्ष दिलं नाही की कलमांत रान माजतं, बांध सरकतो. मोजणी करून घ्या. खंडानं, म्हणजे ठरीव मोबदल्यावर, किंवा अर्धलीनं, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, कसायला द्यायची तर तोंडी देऊ नका, लिहून घ्या. पीकपाहणीला कोणाचं नाव लागतंय, तेही दरवर्षी बघा.

आणि ज्यांना औषधपाण्यासाठी पैसा हवाय, त्यांनी मन घट्ट करून विकावी. पूर्वजांनी जमीन राखली ती घरच्या माणसांसाठीच. म्हातारपणी डायलिसिसचे पैसे उसने मागायचे आणि आंब्याची बाग तशीच ठेवायची, हे मला पटत नाही.

यंदा गणपतीला सगळी भावंडं गावच्या घरी जमतील, तेव्हा हा विषय काढाच. त्यासाठी दोन दिवस आधी पोहोचा, चतुर्थीला तलाठी कार्यालय बंद असतं.