काचेवर फुटलेली जपानी फांदी

नमस्कार श्रोतेहो. डोळे मिटा आणि एक फुलदाणी समोर आणा. वीतभर उंच, फिकट रंगाची. तिच्या अंगावरून नितळ काचेची एक फांदी निघते, गाठीगाठींची, वेडीवाकडी. तिरकी वर चढते, दोन-तीन फुलं धरते आणि थांबते. बाकीची काच कोरी.

मध्य इंग्लंडात स्टोअरब्रिजच्या आसपास काचेचे कारखाने होते. त्यांतल्या स्टीव्हन्स अँड विल्यम्सने १८८४ मध्ये हा नमुना नोंदवला. नाव ठेवलं 'मात्सु-नो-के'. मात्सु म्हणजे पाइनचं झाड.

इंग्लंडला तेव्हा जपानचं वेडच लागलं होतं. १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात जपानी वस्तू मांडल्या गेल्या. १८७५ मध्ये रीजंट स्ट्रीटवर लिबर्टींचं दुकान उघडलं आणि तिथून पौर्वात्य माल लोकांच्या दिवाणखान्यांत जाऊ लागला. व्हिक्टोरियन सजावटीला बोटभर जागाही मोकळी सोडवत नसे. जपानी चित्रं मात्र एका कोपऱ्यात फांदी काढून बाकीचा कागद तसाच ठेवत.

ही फांदी घडते कशी, ते ऐका. फुलदाणी अजून धगधगती असते. मदतनीस भट्टीतून मऊ काचेचा गोळा आणतो, काकवीसारखा ओघळणारा. कारागीर तो अंगाला चिकटवतो, ओढतो, चिमट्याने दाबून गाठी उठवतो. पाहता पाहता काच आवळते, की हात थांबलाच. मोजूनमापून सरळ रेघ इथे येतच नाही आणि पाइनच्या फांदीला ती नकोच असते! नुसते बगळे अन् पंखे रंगवलेल्या फुलदाण्यांपेक्षा मला ही कितीतरी खरी जपानी वाटते. तिथे चित्र उसनं होतं, इथे काचेने आपल्या स्वभावाने ते वळण घेतलं. मग फुलदाणी अगदी सावकाश निववायची. घाई केली तर फांदीच्या सांध्याशी तडा.

आणि त्याच दशकात उलटा प्रवासही चालला होता. तोक्योच्या शिनागावा काच कारखान्यात इंग्लंडहून कारागीर बोलावले जात होते. १८८१ मध्ये आलेल्या इमॅन्युएल हॉप्टमन यांनी तिथल्या जपानी शिष्यांना फिरत्या चाकावर काच धरून नक्षी कापायला शिकवलं. 'एदो किरिको' नावाने तोक्योत आजही जे पेले कापले जातात, त्यांच्या कारागिरीत ही शिकवण मुरलेली आहे.