फ्रेडच्या बोटातली काच

(दृश्य: डाव्या हाताचा क्लोज-अप, गिटारची मान)

हा हात नीट बघा. अनामिकेत घातलेला तो काचेचा तुकडा म्हणजे बाटलीची कापलेली मान आहे. हा हात फ्रेड मॅकडॉवेल यांचा. ते ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं लोकसंगीत, गाणारे-वाजवणारे. त्यांनी सुरुवात केली ती खिशातल्या चाकूनं. मग बैलाच्या बरगडीचं हाड घासून गुळगुळीत केलं आणि तेच तारेवर फिरवलं. नात्यातल्या एका थोरल्या माणसाला तसं वाजवताना त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. हाडाचा सूर मऊ, दबका यायचा. काचेचा सूर खणखणीत निघाला, म्हणून काच कायमची बोटात राहिली.

आता ती तारेवर कशी टेकते ते बघा. तार दाबायची नाही. दाबली की ती पडद्यांवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटून खडखडते. काच अलगद टेकते, थेट पडद्याच्या डोक्यावर. केसभर मागे राहिली तरी सूर उतरतो. तिच्यामागची बोटं तारांवर नुसती ठेवलेली असतात, नको तो आवाज उमटू नये म्हणून. आणि गिटार आधीच अशी जुळवलेली, की एकही बोट न लावता सगळ्या तारा छेडल्या तर पुरी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, वाजावी. एवढं साधलं की पडद्यांच्या पायऱ्या उरतच नाहीत. दोन सुरांमधली सगळी जागा मोकळी होते. आपण जिला मींड म्हणतो, ती इथे काच काढते.

(दृश्य: उजवा हात, मग चेहरा)

अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरून आहे. तो थांबत नाही. आणि हे ऐका… ओळ गाता गाता त्यांनी अर्ध्यावर सोडली. उरलेले शब्द गिटारनं म्हटले.

(दृश्य: कोमो गाव, टेकड्यांमधला रस्ता)

हे कोमो. मिसिसिपी राज्याच्या उत्तरेकडचं गाव. सपाट डेल्टा संपून जिथे टेकड्या सुरू होतात, तो हा मुलूख. डेल्टातला ब्लूज बहुतेक वेळा कॉर्ड बदलत पुढे सरकतो. टेकड्यांमधला ब्लूज एकाच कॉर्डवर ठाण मांडून बसतो आणि ठेक्यावर माणसांना नाचवतो.

फ्रेड मूळचे शेजारच्या टेनेसीतले, रॉसव्हिलचे. जन्म १९०४च्या आसपासचा. आईवडील लवकर गेले. मेम्फिसमध्ये गिरणीत राबले, मग मिसिसिपीत कापूस वेचायला आले आणि कोमोचेच झाले. दिवसभर शेत आणि शनिवारी रात्री कुणाच्या तरी अंगणात नाच, तळलेले मासे, गिटार.

१९५९च्या सप्टेंबरात लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि इंग्लंडच्या गायिका शर्ली कॉलिन्स ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन इथे आले. संध्याकाळी फ्रेड शेतावरून थेट तिथे पोचले, अंगात कामाचेच कपडे. ओसरीवर बसून त्यांनी वाजवायला घेतलं. साथीला माइल्स प्रॅचर यांची दुसरी गिटार, आणि फॅनी डेव्हिस यांनी कंगव्यावर कागद धरून फुंकलेला सूर. लोमॅक्स यांनी वहीत एकच शब्द लिहिला, 'परफेक्ट', असं कॉलिन्स यांनी पुढे सांगितलं.

या भेटीला 'शोध' म्हणायची पद्धत पडली आहे. आम्ही तो शब्द वापरणार नाही. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस तोवर अर्धं आयुष्य वाजवत आला होता, आणि त्याच्या गिटारवर नाचणाऱ्या शेजाऱ्यांना तो कोण आहे हे पक्कं ठाऊक होतं.

(दृश्य: तबकड्यांची मुखपृष्ठं)

१९६४मध्ये ख्रिस स्ट्रॅचविट्झ यांच्या आरहूली या तबकड्यांच्या कंपनीची तबकडी आणि न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव, १९६५मध्ये युरोपचा दौरा. पुढे नावाजलेली गायिका-गिटारवादक बॉनी रेट त्यांच्याकडून काच धरायला शिकली. १९७१मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्लंडच्या रॉक बँडनं फ्रेड गात असलेलं 'यू गॉटा मूव्ह' हे गाणं आपल्या तबकडीवर घेतलं, आणि फ्रेडच्या हक्काच्या पैशांसाठी स्ट्रॅचविट्झ यांना झगडावं लागलं. ३ जुलै १९७२ रोजी मेम्फिसमध्ये कर्करोगानं फ्रेड गेले.

(दृश्य: हॅमंड हिल चर्चची दफनभूमी)

थडग्यावरच्या पहिल्या दगडात त्यांचं नाव चुकीचं कोरलं होतं. एकवीस वर्षं ते तसंच राहिलं. १९९३मध्ये माउंट झायन मेमोरियल फंड या ब्लूज कलाकारांच्या थडग्यांची काळजी घेणाऱ्या संस्थेनं नवा दगड बसवला. खर्च बॉनी रेटनं उचलला.

(दृश्य: आजचा कार्यक्रम, नाचणारी गर्दी)

फ्रेडचं वाजवणं ऐकत याच टेकड्यांमधले ब्लूज गिटारवादक आर. एल. बर्नसाइड घडले. त्यांचे नातू सेड्रिक यांना २०२२मध्ये ग्रॅमी हा संगीतातला पुरस्कार मिळाला. हा ठेका त्याच टेकड्यांमधला आहे, आणि कॉर्ड अजूनही बराच वेळ एकच असते.