हळदीकुंकवाचा गोड पाट

[दृश्य: सकाळचं कोवळं ऊन. सपरीत, म्हणजे ओसरीत, उभा करून ठेवलेला सागवानी पाट. फडक्यानं तो पुसणारे हात.]

जानेवारी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात आज या घरी, उद्या त्या घरी हळदीकुंकू. चार वाजले की वीस-पंचवीस बाया येतात, वाण घेतात, तिळगूळ घेतात, घटकाभर बसतात. त्यांच्यापुढे एकाच फळीवर पाच-सहा तऱ्हेचं गोड मांडून ठेवायचं आणि ज्यांना जे आवडेल ते त्यांनी उचलायचं, याला शहरात डेझर्ट बोर्ड म्हणतात. आपल्याकडे संक्रांतीच्या सुगडात बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे आणि तीळ एकत्र नांदतातच. तेच जरा पसरून पाटावर आणायचं. ओव्हन लागत नाही. गॅसवर होईल तेवढंच शिजवणं, बाकी सगळं हातानं.

या कामात चव बिघडण्यापेक्षा मांडणी बिघडण्याचा धोका मोठा असतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: ओल. गूळ हवेतलं पाणी ओढतो, बिस्किट दूध पितं, श्रीखंड पाणी सोडतं, संत्र्याची फोड फाटली की रस गळतो. ओलं आणि कोरडं एकमेकांना लागू द्यायचं नाही. हे एवढं सांभाळलं तर पाट तीन तास जसाच्या तसा राहतो.

[दृश्य: घोंगडीत गुंडाळलेला दुधाचा गंज.]

पंचवीस जणींचा हिशोब धरू. सुरुवात दोन दिवस आधी होते, ती दह्यापासून. दीड लिटर म्हशीचं दूध तापवून बोट सोसेल इतपत कोमट करायचं आणि दोन चमचे विरजण लावायचं. विदर्भात या दिवसांत रात्रीचा पारा 10-12 अंशांवर येतो. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागणारं दही आता बारा तास घेतं, आणि गंज उघड्या ओट्यावर ठेवला तर सकाळी नुसतं चिकट दूध सापडतं. म्हणून गंज घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात, नाहीतर विझत्या चुलीच्या उबेशी ठेवायचा.

दुसऱ्या रात्री दही फडक्यात बांधून खुंटीला टांगायचं, पाणी गळायला खाली कोपर, म्हणजे परात. आठ-दहा तास. थंडीचा इथे फायदा होतो, रात्रभर टांगूनही चक्का आंबत नाही. सकाळी साधारण सहाशे ग्रॅम चक्का मिळतो. लिंबाएवढा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्यानं दाबायचा. अंगठ्याचा ठसा कोरडा उमटला तर चक्का तयार. ठशाच्या कडेनं पाणी चमकलं तर अजून दोन तास टांगायचा. घाई केली तर साखर पडताच श्रीखंड ओघळायला लागतं, आणि मग पुन्हा टांगता येत नाही, कारण साखरेचं पाणीच गळून जातं. तशी वेळ आलीच तर दोन-तीन चमचे दुधाची पावडर कालवून ते थोडंफार सावरता येतं.

सहाशे ग्रॅम चक्क्याला चारशे ग्रॅम पिठीसाखर. कालवून तासभर ठेवायचं आणि पुरणयंत्रातून काढायचं. सुगंधाला वेलची नको, जायफळही नको. संत्र्याची साल हवी.

[दृश्य: संत्र्यावरून हळुवार फिरणारी किसणी. केशरी धूळ ताटलीत पडते.]

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काटोल-नरखेड, वरुड-मोर्शी हा त्याचा पट्टा. संक्रांतीच्या सुमारास आंबिया बहाराचं पीक सरत आलेलं असतं आणि त्यानंतरचं मृग बहाराचं पीक अजून पुरतं पिकलेलं नसतं. म्हणून या दिवसांत फळ रंगावर न जाता वजनावर घ्यावं. हातात जड लागेल ते रसाळ. साल फार फुगलेली, आतून पोकळ वाजणारी असेल तर फळ जुनं झालेलं असतं, फोडी कोरड्या निघतात.

या संत्र्याची साल सैल असते. सोलून मग किसायला गेलं तर ती किसणीखाली चुरगळते. आधी कोमट पाण्यात चोळून धुवायचं, पुसायचं, आणि अख्ख्या फळावरूनच किसणी फिरवायची. फक्त वरचा केशरी थर. त्याखालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आला. दोन संत्र्यांचा किस एवढ्या श्रीखंडाला पुरे.

रस मात्र श्रीखंडात घालू नये. एक तर ते पातळ होतं, आणि दुसरं म्हणजे या संत्र्याच्या रसाला उशिरा कडवटपणा येतो. बियांमध्ये आणि पांढऱ्या पापुद्र्यात असणाऱ्या एका घटकापासून आंबट रसात हळूहळू लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. ताजा रस गोड लागतो, तोच दोन तासांनी कडसर. म्हणून संत्र्याच्या फोडी पाटावर सगळ्यात शेवटी येतात, पांढरे धागे नीट काढून, पण पापुद्रा न फाडता. एका फळात दहाच्या आसपास फोडी निघतात. आठ फळं, म्हणजे प्रत्येकीला तीन.

[दृश्य: पाण्याच्या वाटीत पडणारा गुळाच्या पाकाचा थेंब, अगदी जवळून.]

तिळाची मऊ वडी आदल्या दिवशी करायची. अडीचशे ग्रॅम तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून जाडसर कुटायचे. शंभर ग्रॅम फल्लीदाण्याचा कूट. अडीचशे ग्रॅम साधा गूळ, चिक्कीचा नव्हे, एक चमचा तुपावर विरघळवायचा. गूळ फसफसून वर आला की बाजूला थंड पाण्याची वाटी घ्यायची आणि त्यात एक थेंब टाकायचा. थेंब पसरला तर पाक कच्चा आहे, वडी पाटावर चिकटेल. बोटानं त्याची मऊ गोळी वळली तर लगेच गॅस बंद. वाटीच्या तळाला लागून तो टणकन वाजला, तर ती चिक्की झाली आणि म्हाताऱ्या बायांना चावणार नाही. मऊ गोळी आणि टणक थेंब यांत मिनिटभराचंही अंतर नसतं, म्हणून कूट आधीच मोजून जवळ ठेवायचा. तूप लावलेल्या ताटात थापून, कोमट असतानाच वड्या पाडायच्या. लहान आकाराच्या चाळीस होतात.

खजुराचे लाडू सोपे. बिया काढलेला तीनशे ग्रॅम खजूर, शंभर ग्रॅम भाजलेलं जवस, पाऊणशे ग्रॅम फल्लीदाणे, मूठभर चारोळी. जवस मिक्सरला थांबून थांबून फिरवायचं. सलग फिरवलं की ते तेल सोडतं आणि लाडू हाताला ओशट लागतात. चारोळी गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातली मिळाली तर चांगलंच, पण घालण्यापूर्वी दोन दाणे चावून पाहायचे. तेलकट बी आहे, जुनं झालं की खवट होतं, आणि एक खवट दाणा अख्खा लाडू वाया घालवतो. वळून झाले की लाडू भाजलेल्या तिळात घोळवायचे. हा तिळाचा थर नुसत्या शोभेसाठी नाही. त्यामुळे खजुराचा चिकटपणा शेजारच्या वडीला लागत नाही.

[दृश्य: प्लास्टिकच्या कागदावर लाटलेली काळसर पोळी, त्यावर पांढरं खोबरं.]

लेकरांना मात्र बिस्किटाचा रोलच लागतो. तीनशे ग्रॅम मारी बिस्किटांचा बारीक चुरा, चार चमचे कोको, चार चमचे पिठीसाखर, चार चमचे लोणी. घरचं पांढरं लोणी असेल तर थंड पाण्यानं धुऊन, दाबून ताक पूर्ण काढायचं. राहिलेलं ताक रोल आंबवतं. दूध चमच्याचमच्यानं, सहा ते आठ मोठे चमचे. चुरा दूध सावकाश पितो. पाच चमचे घातल्यावर कोरडं वाटलं तरी पाच मिनिटं थांबायचं, मग ठरवायचं. बहुतेक जण इथेच चुकतात. आणखी दूध घालतात आणि रोल लिबलिबीत होतो.

सारण म्हणून शंभर ग्रॅम खोबऱ्याचा किस, तीन चमचे पिठीसाखर, तीन चमचे लोणी. तूप लावलेल्या प्लास्टिकवर लाटून, सारण पसरून, कागदाच्या आधारानं घट्ट गुंडाळी करायची. फ्रीजमध्ये दोन तास. मध्येच लाइन गेली तर दार उघडायचं नाही, बंद फ्रीज तीन-चार तास थंडावा धरतो. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, लोणीही थंडीत घट्ट राहतं, म्हणून हा रोल जानेवारीत पाटावर उभा राहतो. मे महिन्यात हाच रोल अर्ध्या तासात बसतो, तेव्हा तो करूच नये.

कापायला सुरी नको, चेपतो. शिवणकामाचा जाड दोरा रोलखालून घ्यायचा, वर दोन्ही टोकं एकमेकांवरून ओढायची. चकती गोल सुटते, मधलं पांढरं चक्र शाबूत.

[दृश्य: दुपारचे तीन. चौरंगावर ठेवलेला पाट. पायांखाली पाण्याच्या चार वाट्या.]

आता मांडणी. पाट चौरंगावर, आणि चौरंगाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. गुळाचा वास मुंग्यांना माणसांच्या आधी येतो. पॉलिश केलेल्या लाकडावर खाण्याची वस्तू थेट ठेवू नये. पळसाची पत्रावळ पसरावी, ओल्या फडक्यानं धूळ टिपून, मग कोरड्यानं पुसून. केळीचं पान असेल तर आधी आचेवरून फिरवायचं, नाहीतर ते पाटाच्या कडेला चिरतं.

पहिल्यांदा वाट्या ठेवायच्या, कारण त्या मागाहून सरकवता येत नाहीत. एक श्रीखंडाची, एक बोरांची, एक घाट्यांची, तिन्ही एकमेकींपासून लांब. श्रीखंडाला स्टील किंवा मातीचं भांडं. पितळेचं कितीही देखणं दिसलं तरी त्यात ते कळकतं. वाटी पाऊणच भरायची आणि उरलेलं श्रीखंड फ्रीजमध्ये ठेवून तासाभरानं बदलायची. सगळं एकदम काढून ठेवलं की वर पिवळसर पाणी सुटतं.

श्रीखंडाच्या वाटीशेजारी तिळात घोळवलेले लाडू. ओल आली तरी ते सोसतात. तिळाच्या वड्या पाटाच्या दुसऱ्या टोकाला, एकावर एक न रचता, किंचित टेकून उभ्या. रोलच्या चकत्या मधोमध, ओळीत नव्हे तर वळणावर, कारण गडद रंगाची ती एक रेघच सगळ्या पाटाला आकार देते. विकतची संत्रा बर्फी आणली असेल तर तिच्या कागदी वाटीतच राहू द्यावी, ती ओलसर असते. उसाचे करवे बोटभर लांबीचे, पावणेचारला सोलायचे. आधी सोलून ठेवले की टोकं लालसर पडतात. उरलेल्या फटींत चारोळी किंवा फल्लीदाणे टाकून पाट गच्च दिसावा असा मोह होतो. तो आवरावा. बोटांना वस्तू उचलायला जागा लागते.

[दृश्य: अंगणातून आत येणाऱ्या बाया. फोडी ठेवणारा हात, अगदी जवळून.]

शेवटी संत्र्याच्या फोडी, वेगळ्या ताटलीत, पाटाच्या कडेला. चिमटे दोन ठेवावेत, एक श्रीखंडाच्या बाजूला ओल्यासाठी, एक वड्यांकडे कोरड्यासाठी. एकच चिमटा असला की अर्ध्या तासात वड्यांवर श्रीखंडाचे ठिपके दिसतात. पाट सपरीतच असावा, अंगणात नको. सूर्य कलला की दव पडायला लागतं आणि वड्यांना घाम फुटतो.

हळदीकुंकवाचा करंडा पाटाशेजारी ठेवायचा नाही, कुंकवाचं बोट श्रीखंडावर झटकलं जातं. आणि गुलाबदाणी चार हात लांब, दारापाशी. गुलाबपाणी तिथेच शिंपडायचं, बाई आत येऊन बसायच्या आधी.