उकळल्यावरही उरणारी ओळख

श्रोतेहो, नमस्कार.

चीनच्या शांडोंग प्रांतातील डोंग-अ हा भाग एका औषधासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. गाढवाचे कातडे पाण्यात दीर्घकाळ उकळून, तो अर्क गाळून आणि आटवून जे जिलेटिन तयार होते, त्याला अ-ज्याओ म्हणतात. काळपट तपकिरी, चकचकीत वड्यांच्या रूपात विकले जाणारे हे द्रव्य चिनी वैद्यकात रक्तवर्धक मानले जाते. ते कितपत गुणकारी आहे, हा स्वतंत्र विषय आहे. मला आज त्याच्याही आधीच्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे: हातात आलेली वडी गाढवाच्याच कातड्याची आहे, हे ओळखायचे कसे?

गाढवाचे कातडे महाग आणि दुर्मीळ, तर गाईबैलांचे किंवा डुकराचे कातडे स्वस्त आणि मुबलक. त्यामुळे भेसळीचा मोह मोठा असतो. एकदा कढईत विरघळल्यावर डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकाला ओळखता येईल असे काहीच उरत नाही. डीएनएचीही इतक्या उकळण्यात शकले होतात आणि त्यावर विसंबून खात्रीचा निष्कर्ष काढणे अवघड होते. शिल्लक राहते ते प्रथिन, म्हणजे कातड्यातील कोलॅजेन.

औषधांच्या दर्जाचे अधिकृत निकष देणाऱ्या चिनी औषधसंहितेने या वड्यांतील चार अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनाची साखळी ज्यांनी बनते त्या घटकांचे, किमान प्रमाण ठरवून दिले आहे: हायड्रॉक्सिप्रोलीन ८ टक्के, ग्लायसीन १८, अ‍ॅलनीन ७ आणि प्रोलीन १० टक्के. या मोजणीतून वडी कोलॅजेनची आहे हे कळते, परंतु ते कोणत्या प्राण्याचे आहे हे कळत नाही, कारण गाईच्या कोलॅजेनमध्येही हीच आम्ले जवळपास याच प्रमाणात असतात. केवळ एकूण प्रमाण मोजणारी कसोटी किती सहज फसवता येते, हे २००८ साली चीनमधील दूधभुकटीच्या प्रकरणात जगाने पाहिले. तेथे नायट्रोजन मोजून प्रथिनांचा अंदाज केला जात होता आणि मेलामाइन मिसळून तो आकडा फुगवला गेला; त्याची किंमत तान्ह्या बाळांनी मोजली.

म्हणून पाहावा लागतो तो अमिनो आम्लांचा क्रम. कोलॅजेनच्या साखळीत दर तिसरे आम्ल ग्लायसीन असते आणि सस्तन प्राण्यांमध्ये ही साखळी बरीचशी सारखी असते. तरीही काही मोजक्या जागी गाढवाचे आम्ल वेगळे आणि गाईचे वेगळे असते. त्या जागा शोधण्याची रीत अशी. वडीची ०.१ ग्रॅम पूड अमोनियम बायकार्बोनेटच्या सौम्य द्रावणात विरघळवतात. त्यातील थोड्या भागात ट्रिप्सिन हे पाचक विकर घालून ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला, बारा तास ठेवतात. माळेतील ठरावीक मण्यांपाशीच कात्री चालावी, तसे ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीन यांच्या पुढेच साखळी तोडते. त्यामुळे तुकडे वाटेल तसे पडत नाहीत आणि प्रत्येक प्राण्याचे काही तुकडे त्याचे स्वतःचे असतात.

हे तुकडे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, जातात. प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता विद्युत्भारित करून मोजण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला होता. गाढवाचा ओळखीचा तुकडा या यंत्रात ५३९.८ या आकड्यावर दिसतो. तो पुन्हा फोडला की ६१२.४ आणि ९२३.८ हे दोन आकडे मिळतात. फोडलेला भाग मूळ तुकड्याहून जड कसा, अशी शंका चौकस श्रोत्यांच्या मनात येईल. यंत्र वस्तुमानाला विद्युत्भाराने भागून दाखवते आणि मूळ तुकड्यावर दोन भार असतात. म्हणजे त्याचे खरे वस्तुमान सुमारे दुप्पट असते. आकड्यांची ही जुळणी २०१५च्या औषधसंहितेत अधिकृत कसोटी म्हणून आहे.

तिच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. गाढवाचा तुकडा सापडला म्हणजे दुसरे काही मिसळलेले नाही असे सिद्ध होत नाही. त्यासाठी गाय, डुक्कर आणि घोडा यांचे तुकडेही स्वतंत्रपणे शोधावे लागतात. गाढव आणि घोडा हे तर इतके जवळचे नातलग आहेत, की त्यांच्यातील फरक अगदी थोड्या जागी सापडतो. खेचराच्या कातड्यात दोघांच्याही खुणा मिळणार, हे उघड आहे.

माझ्या मते सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. कातडे गाढवाचे आहे हे यंत्र सांगते. ते कोणाच्या गोठ्यातून आले, हे सांगत नाही. १९९०च्या सुमारास चीनमध्ये एक कोटीहून अधिक गाढवे होती, ती आता वीस लाखांच्याही खाली आली आहेत, आणि मागणीचा भार इतर देशांवर पडला आहे. पाणी आणि सरपण वाहून नेणारे जनावर चोरीला गेले की ते ओझे बहुधा घरातील बाईच्या डोक्यावर येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यासाठी होणाऱ्या गाढवांच्या कत्तलीवर खंडभर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. भारतातही २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान गाढवांची संख्या सुमारे ३ लाख २० हजारांवरून १ लाख २० हजारांवर आली. यंत्रे आणि वाहने आल्यामुळे गाढवांची गरज घटली हे खरे आहे, पण कातड्यांच्या चोरट्या व्यापाराकडेही प्राणिकल्याण संस्थांनी बोट दाखवले आहे. पौष पौर्णिमेला जेजुरीत भरणारा गाढवांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्यांमागची कुटुंबे दिसतील.

कोलॅजेनची साखळी सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे. गाढवाच्या कोलॅजेनचा क्रम ज्ञात असल्यामुळे तोच क्रम अशा रीतीने बनवता येईल का, या संशोधनावर औषध कंपन्यांनी पैसा लावला पाहिजे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. आणि तयार झालेला क्रम बरोबर आहे की नाही, हे तपासायला ट्रिप्सिन आणि मास स्पेक्ट्रोमीटरची हीच कसोटी कामी येईल.