गाडीच्या चेहऱ्यावरचा देश

नमस्कार श्रोतेहो.

चाकणच्या चौकात संध्याकाळच्या गर्दीत अडकलात आणि पुढे स्कोडाची स्लाविया उभी असली, तर तिचे मागचे दिवे जरा निरखून पाहा. लाल उजेडाच्या आत काचेला पैलू पाडल्यासारखे बारीक त्रिकोण दिसतील. हे काही सहज सुचलेलं नक्षीकाम नाही. स्कोडा मूळची चेक देशातली, आणि त्या देशाचा बोहेमिया हा भाग शेकडो वर्षं पैलूदार काचकामासाठी नावाजलेला. दिवा पाहून तीच काच आठवावी, हा डिझायनरांचा हिशेब. कंपनीची मालकी मात्र जर्मन फोक्सवागनकडे आहे, आणि ही गाडी बनते आपल्या पुणे जिल्ह्यात.

गाडीच्या रूपात देश कसा आणतात, कुठे ते जमतं आणि कुठे फसतं, हा आजचा विषय. माझं मत आधीच सांगतो. ज्या खुणेला गाडीत काही काम असतं, ती मुरते. नुसती वरून चिकटवलेली खूण दोन-चार वर्षांत जुनी वाटू लागते.

सुरुवात रंगापासून झाली. न्यूयॉर्क हेरल्ड या वृत्तपत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी १९०० साली देशादेशांमधली मोटारशर्यत सुरू केली. कोणती गाडी कुठल्या देशाची हे लांबून कळावं म्हणून काउंट एलियट झ्बोरोव्स्की यांनी देशवार रंग सुचवले. फ्रान्सला निळा, बेल्जियमला पिवळा, जर्मनीला पांढरा. लाल रंग तेव्हा अमेरिकेकडे होता; इटलीचा लाल त्यानंतरचा. १९०३ची शर्यत आयर्लंडमध्ये झाली आणि ब्रिटिश गाड्यांचा हिरवा रंग तिथून रूढ झाला. या शर्यतीची एक अट आज वाचताना नवल वाटतं : गाडीचा प्रत्येक सुटा भाग त्या त्या देशातच बनलेला असला पाहिजे. रंग म्हणजे नुसती हौस नव्हती, आतल्या मालाची ती पावती होती.

होंडा १९६४ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरली, तेव्हा सोइचिरो होंडा यांना गाडी सोनेरी हवी होती. पण सोनेरी रंग दक्षिण आफ्रिकेच्या नावावर होता. मग पांढऱ्या गाडीवर लाल सूर्य आला. आज आपण तो अस्सल जपानी म्हणून ओळखतो, पण पहिली पसंती ती नव्हती. १९६८ पासून शर्यतीच्या गाड्यांवर सिगारेट कंपन्यांचे रंग चढले आणि देशांचे रंग मागे पडले. फेरारीने लाल सोडला नाही, एवढंच.

आता स्वीडनकडे वळू. व्होल्वोच्या पुढच्या जाळीवर एक तिरकी पट्टी असते, खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्याकडे जाणारी. १९२७ साली पहिली व्होल्वो बाहेर पडली तेव्हा रेडिएटरच्या मधोमध चिन्ह बसवायचं होतं, आणि ते धरून ठेवायला मागे काही आधार नव्हता. म्हणून ही पट्टी तिरकी टाकली. तिच्यावर बसवलेलं वर्तुळ आणि बाण हे लोखंडाचं जुनं चिन्ह. स्वीडनच्या पोलादाचा लौकिक त्यातून सांगायचा होता. आज ते चिन्ह पट्टीशिवायही सहज बसेल. इलेक्ट्रिक एक्ससी-४० ला तर पुढे जाळीच नाही, सपाट बंद तक्ता आहे. तरी पट्टी आहेच, कारण ती नसली तर लोकांना व्होल्वो ओळखू येत नाही.

२०१४च्या एक्ससी-९० पासून व्होल्वोच्या पुढच्या दिव्यात आडवा पडलेला इंग्रजी टी असतो. कंपनी त्याला थॉरचा हातोडा म्हणते; थॉर हा त्या उत्तरेकडच्या लोकांचा मेघगर्जनेचा देव. युरोपात २०११ पासून गाड्यांच्या नव्या मॉडेलांना दिवसा जळणारे दिवे सक्तीचे झाले होते. म्हणजे दिवा द्यावाच लागणार होता, प्रश्न फक्त आकाराचा होता. तिथे हातोडा बसवला. कंपनी २०१० पासून चीनच्या जीलीकडे आहे, पण नव्या गाड्यांत आसनाच्या शिवणीत स्वीडनच्या झेंड्याची नखाएवढी पट्टी शिवलेली सापडते. मालक बदलल्यावर पत्ता जरा ठळक लिहावा लागतो, असं दिसतं.

फसलेलं उदाहरण हवं असेल तर मिनी घ्या. कागद-पेन्सिल असली तर हाताशी घ्या, कारण हे ऐकण्यापेक्षा काढून लवकर कळतं. एक आयत काढा. मधोमध अधिकची खूण काढा, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा मारा. झाला ब्रिटनचा झेंडा, ढोबळमानाने. आता मधल्या उभ्या रेघेवर कागद फाडा आणि डावा तुकडा समोर धरा. आडवी रेघ आणि दोन्ही तिरक्या रेघा उजव्या कडेला एकत्र येतात. चक्क उजवीकडे बोट दाखवणारा बाण!

२०१८च्या मिनीच्या मागच्या दिव्यांत नेमकं हेच झालं. डाव्या दिव्यात झेंड्याचा डावा अर्धा भाग, उजव्या दिव्यात उजवा. दोन्ही दिवे एकत्र पाहिले तर झेंडा सुरेख जुळतो. पण गाडी वळताना एकाच बाजूचा दिवा उघडझाप करतो, आणि ती बाजू असते डावी तर आकृती दाखवते उजवीकडे. मोटार समीक्षकांनी यावर टीका केली, आणि ती रास्तच होती. कायद्यात बसणं वेगळं आणि मागच्या माणसाला कळणं वेगळं. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे, आतल्या बाजूने ४५ अंशांपर्यंत आणि बाहेरून ८० अंशांपर्यंत दिसला पाहिजे, हे नियम सांगतात. बाणाच्या टोकाबद्दल नियम काही बोलत नाहीत. नव्या पिढीच्या मिनी कूपरमध्ये आता दिव्यांची आकृती चालकाला निवडता येते आणि झेंडा हा त्यातला एक पर्याय उरला आहे. जाता जाता : ब्रिटनचा मानबिंदू असलेल्या १९५९च्या मूळ मिनीचे जनक अलेक इसिगोनिस यांचा जन्म स्मर्ना शहराचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचा. आणि आज ब्रँड आहे जर्मन बीएमडब्ल्यूचा.

याच्या अगदी उलट टोकाला आहे टोयोटाची सेंच्युरी. तिच्यावर झेंडा नाही, पुढे टोयोटाचं नावही नाही. आहे होओ हा पौराणिक पक्षी, आपण त्याला फिनिक्सच्या जातीतला म्हणू. टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून १९६७ साली ही गाडी आली, नाव त्यावरूनच. २०१८च्या तिसऱ्या पिढीवर जरा रेंगाळू या, कारण तिथलं काम बघण्यासारखं आहे.

दाराच्या वरच्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर एक रेघ पुढून मागे जाते. नीट पाहिलं तर ती एक रेघ नाही. दोन समांतर कडा आहेत आणि त्यांच्यामध्ये अगदी अरुंद सपाट पट्टी. जपानच्या हेआन काळात, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, सरदारांच्या घरात पडद्यांचे खांब असत आणि त्यांचे कोपरे याच पद्धतीने तासत. त्या तासणीला किचोमेन म्हणतात. आजच्या जपानीत त्याच शब्दाचा अर्थ काटेकोर असा होतो. सुताराच्या हातचं काम पत्र्यात आणणं सोपं नाही. लाकडाची कडा रंध्याने धारदार होते. पत्रा दाबात वाकतो आणि दाब सुटला की थोडा मागे उसळतो. ती उसळी आधीच मोजून साच्यात उलट दिशेला तेवढी सूट द्यावी लागते. दोन कडा इतक्या जवळ असल्या की एकीची चूक दुसरीत दिसते.

मग रंग. सेंच्युरीच्या काळ्या रंगाचं नाव कामुई. त्याचे सात थर असतात आणि त्यांतल्या एका पारदर्शक थरातही काळा रंग मिसळलेला असतो. खोली त्यामुळे येते, जपानी लाखकामासारखी. मधे तीन वेळा पाणी लावून सँडपेपर मारतात आणि शेवटी आरशासारखं पॉलिश. आपल्याकडच्या रंगाऱ्याला विचारा, काळा रंग किती छळतो ते. पांढऱ्या गाडीवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा झाकून जातो; काळ्यावर समोरच्या ट्यूबलाइटची रेघ लगेच थरथरते. पेपर मारून तो काढता येतो, पण कडेवर हात जरा जास्त चालला की वरचा थर उडतो, कारण कडेवर रंग मुळातच पातळ बसतो. आणि इथे तर दारभर दोन कडा! किचोमेन आणि कामुई एकाच गाडीवर ठेवणं म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेली कसोटी आहे.

आत बसायला चामडं मिळतं, पण या गाडीची परंपरा लोकरीच्या कापडाची. चामडं करकरतं, थंडीत गार लागतं, उन्हात तापतं. लोकर आवाज करत नाही आणि उलट आवाज शोषून घेते. मागे बसणाऱ्या पाहुण्याची शांतता हाच या गाडीचा जपानीपणा, आणि तो कापडाच्या निवडीपर्यंत पोचलेला आहे.

परत स्कोडाकडे येऊ, कारण ती आपल्या रस्त्यावर रोज दिसते. तिच्या दिव्यातले पैलू काचेचे नसतात. मागच्या दिव्याचं बाहेरचं कवच पारदर्शक अॅक्रिलिकचं असतं. आत प्लास्टिकची प्रकाशनळी असते आणि तिच्या पाठीवर बारीक खाचा असतात. एलईडीचा उजेड नळीतून जाताना त्या खाचांवर आपटून बाहेर फुटतो. पैलूची धार टिकली नाही तर हिरा दिसण्याऐवजी वितळलेला बर्फ दिसतो. धार जाते ती साच्यात. साच्याच्या पोलादाला पॉलिश करताना कोपरा किंचित गोल झाला की संपलं. दुसरी अडचण जाडीची. जाड प्लास्टिक बाहेरून आधी थिजतं आणि आतून मागाहून आकसतं, म्हणून पृष्ठभागाला खळगा पडतो. उपाय म्हणजे जाड तुकडा एका दमात न ओतता थरावर थर ओतायचा.

पावसाळ्यात अशा दिव्यांबद्दल एक तक्रार हमखास येते : आत वाफ धरली. दिव्याला मागून हवा खेळायला छोटं छिद्र असतं आणि त्यावर पाणी अडवणारा पडदा असतो. गार पाऊस पडल्यावर आतली दमट हवा कवचाला लागून धुकं धरते. दिवे लावून गाडी थोडी चालवल्यावर ते निघून गेलं तर काळजीचं कारण नाही. पण थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचलं असेल, तर कवचाचा जोड सुटला आहे किंवा कवचाला तडा आहे. अशा वेळी वरून सिलिकॉन चोपडून छिद्र बुजवू नका. आत गेलेलं पाणी मग आतच कोंडून राहतं.

त्याच पैलूंची नक्कल दारांच्या पत्र्यावरच्या धारदार रेघांतही असते. बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड. एवढ्याशा पत्र्यावर अणकुचीदार रेघ उठवायची तर ती एका दाबात येत नाही. आधी मूळ आकार ओढायचा, मग कडा कापायच्या, मग दुमडायच्या, आणि रेघेवर पुन्हा नेमका दाब द्यायचा. ओढताना पत्रा साच्याच्या कडेवरून सरकला तर रेघेशेजारी तिची पुसट जुळी उमटते, आणि ती रंगाखालूनही दिसते. रेघेवर पोचा आला तर दुरुस्ती करणाऱ्याची खरी परीक्षा. सपाट जागेवरचा पोचा मागून दाबून निघतो. रेघेवर पत्रा ताणलेला असतो. मग पुट्टी भरून घासतात आणि धार बोथट होते. जुनी गाडी घेताना मागच्या कोपऱ्यावर उभं राहून, डोळा रेघेच्या पातळीला आणून, ती मडगार्डपर्यंत नजरेने ओढून बघा. एखाद्या दारापाशी रेघ जाड किंवा मऊ झाली असेल, तर त्या दाराला काहीतरी झालेलं आहे. विकणारा काहीही सांगो.

देशाचा चेहरा देशातलाच माणूस घडवतो असंही नाही. कोरियाच्या किआला वाघाच्या नाकासारखी जाळी दिली ती पीटर श्रायर या जर्मन डिझायनराने, २००७च्या ‘की’ नावाच्या कल्पना-मॉडेलवर. आपली इंडिका, १९९८ची, पुण्याची. तिच्या अंगाला आकार दिला टाटांनी तुरिनच्या आयडिया या संस्थेसोबत. महिंद्रांच्या २०११च्या एक्सयूव्ही-५०० ची प्रेरणा चित्ता, दारांच्या मुठीही त्याच्या पंजाच्या. तेव्हा भारताच्या जंगलात एकही चित्ता नव्हता! ते नामिबियाहून कुनोत आले २०२२ साली. तरी ती मूठ मला आवडते, कारण चार बोटं आत घालून दार ओढायला ती खरंच सोयीची आहे.

जीपची गोष्ट यांत सगळ्यात गुंतागुंतीची. तिची उभ्या फटींची जाळी म्हणजे अमेरिका, असं आज कोणीही म्हणेल. पण दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत फोर्डने सळया जोडत बसण्याऐवजी एका पत्र्यात नऊ फटी पाडल्या, काम स्वस्तात व्हावं म्हणून. १९४५च्या नागरी जीपला सात फटी आल्या. विलिस या अमेरिकी कंपनीची ती जीप महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतली आणि पुढे तोच चेहरा आपल्या घाटरस्त्यांवर, साखर कारखान्यांच्या फाटकावर, निवडणुकीच्या प्रचारात इतका दिसला की तो परका वाटेनासा झाला. महिंद्रांनी त्याच वळणाची रॉक्सर अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा २०१८ साली जीपच्या मालकांनी तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. हे रूप आमचं आहे, असा दावा. २०२० साली आयोगाने मूळ रॉक्सरच्या विरोधात निर्णय दिला. नंतरची रॉक्सर आली ती पुढचा चेहरा बदलून. शेतावर, चिखलात चालायची तिची हाडं मात्र तीच राहिली.

नमस्कार.