बाग बारमाही नसते

(पुण्यातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत मे महिन्याच्या अखेरीस दिलेलं भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडी काटछाट करून.)

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय 'बारमाही फुलणारी बाग' असा लिहिलाय. अक्षर फार सुंदर आहे, लिहिणाऱ्याचं कौतुक. पण हे नाव मी दिलेलं नाही. ३० वर्षं पोस्टात नोकरी केली आणि आता १४ वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत बाग करतेय. एवढ्या काळात बारा महिने फुललेली एकच बाग माझ्या पाहण्यात आली. ती प्लास्टिकची होती, दाताच्या दवाखान्यात होती, आणि तिच्यावरही धूळ होती.

वाईजवळ आमच्या आजीचं परसू होतं. तिला जून-जुलै ठाऊक नव्हते. तिचा हिशेब रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू असा चालायचा. आम्ही शहरात आलो आणि हे सगळं पंचांगात ठेवून दिलं. बाग करायला लागल्यावर मला ते पुन्हा बाहेर काढावं लागलं, आणि त्यात श्रद्धेचा भाग कमी, सोयीचा जास्त. सूर्य एका नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस असतो. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागतं, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, आणि असं करत करत सप्टेंबरअखेरीला हस्त. झाडांचं वागणंही याच मापाने बदलतं. महिना हे माप फार ढोबळ आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यातली गच्ची आणि शेवटच्या आठवड्यातली गच्ची या दोन वेगळ्या गच्च्या असतात, हे इथे बसलेल्या कुठल्याही बागवाल्याला विचारा. म्हणून तर जुन्या लोकांनी पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हटलं आणि लगेच पुढच्या पुष्याच्या पावसाला म्हातारा. १४ दिवसांत पावसाचं वय बदललं!

मृग म्हटलं की मला आजीच्या परसातला मृगाचा किडा आठवतो. पहिला पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या मातीवर हे लालभडक मखमलीचे ठिपके चालायला लागायचे. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प पडायचा. आम्ही काड्यापेटीत घालून शाळेत न्यायचो. वर्षभर तो जमिनीखाली असतो, पावसाने माती भिजली की चार दिवस वर येतो. गच्चीवर तो कुठून येणार? तिसरा मजला त्याला परवडत नाही. गच्चीतल्या बागेत काय नाही, असं मला कुणी विचारलं तर मी एवढं एकच सांगते.

आता पाण्याबद्दल. हा विषय जरा लांबवणार आहे, कारण बागेतले बहुतेक मृत्यू इथेच होतात.

पहिल्या पावसाळ्यात माझी ११ झाडं गेली. उन्हाळ्यात एकही गेलं नव्हतं. मला वाटलं, रोग पडला. मिरचीचं एक रोप उपटून पाहिलं, तर मुळाची साल मोज्यासारखी हातात निघून आली आणि आतून नुसता दोरा राहिला. वास गटारासारखा. मूळ कुजलं होतं. कुंडीखाली मी हौसेने बशा ठेवल्या होत्या, फरशी खराब होऊ नये म्हणून. त्या बशांत पाणी साठून राहिलं. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, आणि मातीच्या कणांमधल्या फटीत पाणी भरून राहिलं की हवेला जागाच उरत नाही. थोडक्यात, माझी मिरची बुडून मेली, तीही माझ्याच बशीत. तेव्हापासून पावसाळ्याआधी सगळ्या बशा काढून माळ्यावर जातात आणि प्रत्येक कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर बसते. भोकाखाली हात धरून पाणी निघतंय का बघते. बाकी काही नाही.

याच्या उलटही होतं. बाहेर मुसळधार पाऊस, आणि छज्जाखालची कुंडी कोरडी ठणठणीत. आपण म्हणतो, पाऊस आहे, पाणी कशाला घालायचं? ते झाड पाऊस बघत बघत वाळतं. म्हणून घड्याळ बघून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर झारी खाली ठेवा. झारी खाली ठेवणं अवघड जातं, मला अजूनही जातं. सकाळी उठून झाडांना पाणी घातलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं ना!

(हशा.) समोरच्या काकू हसतायत, म्हणजे त्यांच्याही बशा असणार.

जाता जाता एक सांगते, कारण त्यावरून सोसायट्यांत भांडणं होतात. एक घनफूट ओली माती ४५-५० किलो भरते. स्लॅबवर मातीचे वाफे घालू नका. पानगळीत रस्त्यावर पोत्यांनी पाला पडलेला असतो आणि लोक तो जाळतात. तो आणा, खरकट्याबरोबर कुजवा. हलकं खत होतं, खालच्या मजल्यावरचेही बोलायचे थांबतात.

आता शेवंतीची गोष्ट. आमच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीजवळ एक मोठा एलईडी दिवा लावला. रात्री पोरं गच्चीवर जातात म्हणून. रात्रभर लख्ख. माझ्या शेवंतीच्या सहा कुंड्या, सगळ्या एकाच रोपाच्या फुटव्यांपासून केलेल्या, एकच माती, एकच खत. दसरा गेला, दिवाळी आली. चार कुंड्यांना कळ्या लागल्या. टाकीजवळच्या दोन नुसत्या वाढतायत, हिरव्यागार, माझ्या कमरेएवढ्या. कळीचं नाव नाही. मी त्यांना आणखी खत घातलं. आणखी वाढल्या!

शेवंती रात्र मोजते. दिवस लहान आणि रात्री मोठ्या व्हायला लागल्या की तिला कळी धरायची वेळ कळते. आपण हे थंडीचं फूल म्हणतो, पण तिची मुख्य खूण असते तो सलग अंधार. मध्येच उजेड पडला की तिचा हिशेब चुकतो, तिला वाटतं अजून रात्र लहानच आहे. पॉलिहाउसवाले हे जाणूनबुजून करतात; बाजाराची तारीख साधायची म्हणून रात्री दिवे लावून शेवंतीला फुलण्यापासून अडवून धरतात. आमच्या सोसायटीने ते फुकटात केलं. त्या दोन कुंड्या मी दिवाळीत टाकीच्या मागे, अंधारात सरकवल्या. दुसरं काही केलं नाही. संक्रांत झाल्यावर त्या फुलल्या, बाकीच्या चार फुलून वाळल्यावर. गेली दोन वर्षं मी दिव्याचा अर्ज करतेय. दिवा आहे तिथेच आहे, शेवंतीने जागा बदलली.

हिवाळ्यात गच्चीवर चैन असते. टोमॅटो धरतो, कोथिंबीर लवकर फुलावर जात नाही, पालक, मेथी, मुळा, काय हवं ते लावा, येतं. ज्याला येत नाही त्याने मला भेटावं. एकच कबुली देते. डिसेंबरात घेवड्याच्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडतो, काळा, चिकट. एका वर्षी त्या माव्यात मला बारीक काळे किडे दिसले, नारिंगी ठिपक्यांचे, मगरीसारखे खडबडीत. म्हटलं, ही नवी पीडा. बसून एकेक चिमटीत धरून चिरडला, ४० तरी असतील. नंतर कळलं, ती ढालकिड्याची पिल्लं होती. ठिपक्यांचा लाल गोल ढालकिडा आपण सगळे ओळखतो, त्याचं पिल्लू कुणी ओळखत नाही. तो मावाच खात होता. मी त्यांना मारल्यावर आठवड्याभरात घेवडा काळा पडला. आता नवा किडा दिसला की दोन दिवस नुसती बघते, तो काय खातोय ते.

शेवटी माझं लिंबू. अर्ध्या कापलेल्या पिंपात लावलेलं कागदी लिंबाचं झाड, सहा वर्षांचं, एकही फळ नाही. रोज पाणी, दर महिन्याला शेणखत. पानं अशी की बघत राहावं. मग मुलीच्या बाळंतपणासाठी मी डिसेंबरात नाशिकला गेले, दीड महिना. शेजारच्या ताईंना पाणी घालायला सांगितलं होतं, त्यांनी मनापासून घातलं. फक्त लिंबू टाकीच्या आड होतं, ते त्यांना दिसलंच नाही. परत आले तेव्हा अर्धी पानं खाली, उरलेली वळलेली. माझ्या डोळ्यात पाणी आलं. वरची माती थोडी हलवली, खत घातलं, पाणी दिलं. तीन आठवड्यांत झाड पांढरं झालं. फुलांनी! गच्चीचं दार उघडलं की वास यायचा.

पुढे एसटीत सांगोल्याकडचे एक डाळिंबवाले बागायतदार शेजारी बसले होते. त्यांना मी हा चमत्कार सांगितला. ते म्हणाले, "बाई, त्याला चमत्कार नाय म्हणत, त्याला ताण म्हणत्यात." फळबागायतदार वर्षातून एकदा मुद्दाम पाणी तोडतात. झाडाची पालवी थांबते, आतली साठवण वाढते, आणि मग पाणी सोडलं की ते फुलावर येतं. थंडीत ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत धरला तो आंबे बहार, जून-जुलैतला मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरातला हस्त बहार. बघा, मृग आणि हस्त, इथेही नक्षत्रंच. कुठला धरायचा ते पाणी आणि बाजार बघून ठरवतात. माझा नकळत आंबे बहार धरला गेला होता, त्यामुळे लिंबं पावसाळ्यात आली, बाजारात ती स्वस्त असतात नेमकी तेव्हा. एप्रिलात हवी असतील तर हस्त धरायला हवा, आणि त्यासाठी भर पावसात झाड कोरडं ठेवायचं. पिंप छज्जाखाली ओढून दोनदा करून पाहिलं. एकदा जमलं.

कुंडीतल्या झाडाला एवढा दीड महिन्याचा ताण मात्र देऊ नका. माझं वाचलं ते त्याच्या नशिबाने. कुंडीतली माती थोडी, ती लवकर वाळते. आठ-दहा दिवस पुरतात. पानं मलूल झाली की थांबा.

आज रोहिणी लागून चार दिवस झालेत. या पिशवीत मी घरच्या दोडक्याच्या बिया आणल्यात, कागदाच्या पुड्या करून. जाताना एकेक न्या. परवा वळीव पडला, आणखी एखादा पडेल, तुम्हाला पेरावंसं वाटेल. अजून गच्चीची फरशी तापलेली आहे, दोन पानांची रोपं दुपारी करपतात. मृगाचा पाऊस नीट लागू द्या. आदल्या रात्री बिया भिजत घाला, सकाळी बोटाच्या एका पेराएवढ्या खोल लावा, आठवड्याभरात वर येतील. एका पुडीत तीन बिया आहेत. चौथी मागू नका, आईशप्पथ मोजून आणल्यात.