पिन एक: पण कुठून बघून?

(सांगलीत आयटीआयच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलांनो, ही नऊ पिनांची केबल पुढच्या बाकावरून मागे फिरवतो. नीट बघा आणि पुढे द्या. एका ओळीत पाच, दुसरीत चार. भोवतीची धातूची चौकट एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला अरुंद. हा आकार कॅनन कंपनीनं १९५२ साली आणला. कॅमेरेवाली नव्हे, अमेरिकेतली कनेक्टर बनवणारी. याचं खरं नाव डीई-नाइन, कारण दुसरं अक्षर चौकटीचं माप सांगतं आणि ‘बी’ हे माप पंचवीस पिनांच्या कनेक्टरचं आहे. पण दुकानात डीबी-नाइनच मागा, सगळे तेच म्हणतात.

संगणकावरून या केबलीचा पोर्ट, म्हणजे ती जोडायची जागा, गेला, मग हे शिकायचं कशाला? मार्केट यार्डात हळदीची पोती ज्या काट्यावर चढतात, उसाचा ट्रॅक्टर ज्यावर उभा राहतो, त्यांतल्या कितीतरी काट्यांचा आकडा आजही याच पिनांमधून संगणकात जातो. शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टाचं वजन या तारेतून जातं. म्हणून तीन तारांची केबल असली तरी ती मी हलक्यात घेत नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. ऐन गळीत हंगाम, एका कारखान्याच्या काट्याची केबल उंदरांनी कुरतडलेली. रात्री दहाला निरोप आला. बल्बखाली बसून मी नवी केबल केली. संगणकाच्या बाजूनं दोन नंबरवर डेटा येतो, तीनवरून जातो, पाच म्हणजे ग्राउंड. आकृती समोर ठेवून तिन्ही तारा सोल्डर केल्या. इंडिकेटरवर, म्हणजे काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या डब्यावर, वजन दिसत होतं, संगणकावर काहीच येईना. बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, तपासला, पोर्ट बदलला, संगणक दोनदा बंद करून चालू केला. बाहेर ट्रॅक्टरांची रांग वाढत होती, बैलगाडीवाले शेकोटीभोवती बसले होते. क्लार्क एकेक वजन हातानं वहीत उतरवत होता.

उजाडल्यावर कनेक्टर उन्हात तिरका धरला, तेव्हा प्लॅस्टिकमध्ये उठवलेले बारीक आकडे दिसले. आकृती होती फीमेल, म्हणजे पिनांऐवजी भोकं असलेल्या, कनेक्टरच्या तोंडाची. मी तारा लावल्या पाठीकडून. तोंडाकडून रुंद बाजू वर धरली तर फीमेलचा एक नंबर उजवीकडे असतो. पाठीकडून तोच डावीकडे जातो. आरशात होतं तसं सगळं उलटलं होतं. पाचची तार एकवर बसली, दोनची चारवर. तीन नंबर मात्र मधोमध असल्यामुळे आरशातही तीनच राहतो. मी मीटरनं तपासली होती ती नेमकी तीनचीच तार, आणि ती बरोबर निघाली. तिच्यावर विश्वास ठेवून मी रात्रभर भलतीकडे शोधत राहिलो.

म्हणून ‘एक नंबर डावीकडे’ हे वाक्य अर्धवट आहे. मेल की फीमेल, तोंडाकडून की सोल्डरच्या बाजूनं, आणि रुंद अंग वर की खाली, हे सांगितल्याशिवाय ते कुणाच्याच कामाचं नाही. मेलचं तोंड आणि फीमेलची पाठ सारखी दिसतात: रुंद अंग वर, एक नंबर डावीकडे, पाचपर्यंत उजवीकडे जायचं, मग खालच्या ओळीत पुन्हा डावीकडून सहा. जुन्या पंचवीस पिनी पोर्टवर तर दोननं डेटा जातो आणि तीनवर येतो, ग्राउंड सातवर. तिथे नऊ पिनांचा पाठ वापरू नका.

बाकीच्या केबलींचं लवकर सांगतो. रिबन केबलची, म्हणजे पट्टीसारख्या चपट्या केबलची, लाल कडेची तार म्हणजे एक नंबर. पण तिथे आकडे नागमोडी जातात: एकच्या समोर दोन, एकच्या शेजारी तीन. सर्किट बोर्डावर बाकीचे पॅड गोल आणि एकच चौकोनी असेल, तर बहुधा तोच एक नंबर. नेटवर्कचा प्लग धरताना खटका खाली, तार आपल्याकडे, सोनेरी पट्ट्या वर. मग डावीकडची पट्टी एक. तारांच्या रंगांचा क्रम ठरवणाऱ्या बी पद्धतीत तिथे पांढरी-नारिंगी तार येते.

आता मीटर बझरवर ठेवा, म्हणजे तार जोडलेली असली की ते वाजेल. केबलची दोन्ही टोकं मोकळी हवीत, कुठल्याही यंत्राला लावलेली नकोत. मोबाइलचा कॅमेरा झूम करून आधी कनेक्टरवरचे आकडे वाचा, मग एका टोकाच्या प्रत्येक पिनेचा जोडीदार दुसऱ्या टोकाला शोधा. तीनवर थांबू नका, दोन आणि पाचही वाजवून बघा. वहीत आकृती काढा आणि कनेक्टर कोणत्या बाजूनं बघितला ते तिच्याखाली लिहा. या खोक्यात सहा केबली आहेत, दोन मी मुद्दाम उलट्या सोल्डर केल्यात. कोणत्या, ते तुम्ही मला सांगायचं.